फणसाच्या फळ्या

साखळी पुन्हा ओंडक्यात अडकली आणि मशीन गुदमरून बंद पडलं. मी कानांवरची झापडं काढली, तर मागच्या दारातून अप्पांचा आवाज आला.

“झालं समाधान?”

चिरेतून धूर येत होता. फणसाचा चीक साखळीला चिकटून काळा पडला होता. जिच्यासाठी मी सकाळपासून गुडघ्यांवर बसले होते ती पहिली फळी एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर जाड निघत होती.

“बाईमाणसानं परसात चेनसॉ घेऊन लाकडं फाडायची, हे आपल्याकडे कुणी बघितलेलं नाही,” अप्पा म्हणाले. “रस्त्यावरून लोक वाकून वाकून बघतात.”

“बघू देत. तिकीट लावलेलं नाही.”

ते आत गेले. मी पाचर ठोकून साखळी सोडवायला लागले.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. दापोलीत माझं चष्म्याचं दुकान होतं, अजूनही आहे. लग्न केलं नव्हतं. दापोलीच्या अलीकडच्या गावात आमचं घर, तिथे अप्पा आणि मी. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटा भाऊ जयवंत ठाण्याला असायचा, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. त्या वर्षीच्या वादळात आमच्या परसातला फणस मुळासकट उपटला गेला आणि विहिरीच्या कडेला आडवा झाला. दोघांनी हात धरूनही कवेत येणार नाही असा त्याचा बुंधा होता. तलाठी येऊन पंचनामा करून गेले. मी जयवंतला फोन केला, तर तो म्हणाला, “वखारवाल्याला बोलाव ना ताई, जळण म्हणून घालवून टाक.”

वखारवाला आला. आमच्या बोळातून त्याचा ट्रक येईना. “हातहात लांबीचे तुकडे करून रस्त्यावर आणून द्या, मग बघतो,” असं म्हणून तो तंबाखू थुंकून गेला. एवढा फणस, आतून पिवळाधमक, आणि त्याचे तुकडे करून चुलीत घालायचे. मला त्याचा राग आला. तो राग नेमका कशाचा होता हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. अशाच एका दुपारी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. कुठल्याशा परक्या देशातल्या रानात एक म्हातारा होता. त्याच्या चेनसॉच्या पात्याला एक लोखंडी चौकट जोडलेली होती. आडव्या पडलेल्या झाडावर ती चौकट ठेवून तो मशीन पुढे ढकलत जायचा आणि झाडातून फळी सुटायची. वखार नाही, ट्रक नाही. झाड जिथे पडलंय तिथेच फळ्या. वखारवाला गेला त्या दिवशी मी तो व्हिडिओ शोधून पुन्हा लावला. मग त्याच्यासारखे आणखी बघितले. मग रत्नागिरीला गेले.

सोबत परकारकाका होते. ते आमचे शेजारी. बोटीवर चीफ इंजिनियर होते, आयुष्य इंजिनरूममध्ये गेल्यामुळे बोलायचे ते ओरडूनच. अप्पांचे पत्त्यांतले जोडीदार, पण माझी बाजू घ्यायला त्यांना फार आवडायचं. दुकानदारानं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि काकांकडे वळून विचारलं, “साहेब, कशासाठी हवंय मशीन?”

“मला नकोय. बाईंना पाहिजे.”

“छोटं देऊ का मग? मोठं वजनाला जड आहे. बाईंना झेपायचं नाही.”

“बाई इथेच उभ्या आहेत,” मी म्हटलं. “त्यांना विचारा.”

त्यानं विचारलं नाही. बिल करतानाही नाव काकांचंच लिहायला लागला. मी पेन त्याच्या हातातून घेऊन खाली माझं नाव लिहिलं, चारुशीला मयेकर, आणि मोठं मशीन स्वतः उचलून गाडीत ठेवलं. गाडीत काका म्हणाले, “वजन खरंच आहे हां.” माझे खांदे दुखत होते, पण मी म्हटलं, “अजिबात नाही.”

चौकट आमच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून व्हिडिओ दाखवून करून घेतली. जाड पँट, चामड्याचे हातमोजे, तोंडाला मास्क, कानांना झापडं, सगळं गोळा केलं. आणि पावसाळा सरल्यावर पहिल्या दिवशी ही अशी पाचरीसारखी फळी निघाली.

काका कुंपणावरून बघत होते. ते आत आले, अडकलेली साखळी काढून मांडीवर घेतली आणि चष्मा कपाळावर चढवून दाते बघत बसले.

“हे दाते आडवे कापायला केलेत,” ते म्हणाले. “फांदी तोडायला. तू उभं चिरतेयस, तंतूंच्या बाजूनं. दात्याचा कोन बदलायला हवा. सरळ करायला हवा.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माहीत नाही. अंदाज. पण मी बोटीचं अख्खं इंजिन उघडून बसवलंय, ही तर सायकलची चेन आहे.”

अंदाज बरोबर होता, हात मात्र चुकला. आम्ही दोघांनी कानस घेऊन प्रत्येक दाता घासला, आणि एका बाजूचे जास्त घासले गेले. पुढची फळी केळ्यासारखी वाकडी निघाली. काकांनी बोटीवर शिकलेल्या शिव्या दिल्या. मी साखळी पुन्हा काढली. माझं काम भिंगं घासायचं, केसभर फरकानं माणसाला चक्कर येते. मी दुकानातला भिंगांची जाडी मोजायचा काटा आणला आणि दोन्हीकडचे दाते मोजून सारखे केले. पहिल्या चिरेला टेकू म्हणून ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूंनी घट्ट बसवली, म्हणजे चौकट तिच्यावरून सरळ सरकेल. साखळीवर चीक बसू नये म्हणून मधूनमधून खोबरेल सोडायचं, हे आईच्या फणस कापण्यावरूनच सुचलं.

मग मशीन चालू केलं. घाई करायची नाही, ढकलायचं नाही, फक्त मागे राहायचं, हे तोवर कळलं होतं. हळदीसारखा भुसा पायांवर पडत राहिला. टोकाला पोचल्यावर मशीन बंद केलं आणि आम्ही दोघांनी वरचा पाट उचलून बाजूला सरकवला.

खाली लाकूड उघडं पडलं होतं. लिंबाच्या सालीसारखं पिवळं, मध्ये मधाचे पट्टे, आणि गाठीभोवती पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं. माझ्याआधी ते कुणीही बघितलं नव्हतं. मी हातमोजा काढून त्यावर हात ठेवला. ते ओलं आणि कोमट होतं. काका काहीच ओरडले नाहीत.

त्यानंतर रविवार म्हटलं की परस. गावात चर्चा झाली. देवळात कुणीतरी अप्पांना म्हणालं, मुलीला काही कमी पडतंय का? अप्पांनी ते मला जेवताना सांगितलं. मी आणखी भात वाढून घेतला. फळ्यांची टोकं तडकू नयेत म्हणून जुना ऑइलपेंट फासला. गोठ्याच्या रिकाम्या पडवीत त्या एकावर एक रचल्या, वारा खेळावा म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, वाकू नयेत म्हणून वर जांभ्याचे चिरे ठेवले. सगळ्यांत खाली ठेवली ती झाडाच्या मध्यातली, दोन्ही कडा सालीसकट असलेली, दरवाजाहून रुंद. वाळायला वर्ष लागणार होतं. त्यांचं काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. दुकानातून आल्यावर चहाचा कप घेऊन पडवीत जायचं आणि त्यांच्याकडे बघत उभं राहायचं, एवढंच.

शिमग्याला जयवंत आला. या वेळी त्याच्याकडे योजना होती. जुनं घर पाडायचं आणि पर्यटकांसाठी होमस्टे बांधायचा, खाली आमच्यासाठी दोन खोल्या. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण जागा एकट्याच्या नावावर हवी होती. जागा आईच्या नावावर होती आणि तिच्यामागे आम्हा तिघांची नावं लागली होती. अप्पांनी आणि मी आपापला हक्क सोडला की झालं.

“ताई, तुझी हरकत नाही ना?” त्यानं आमटी ओरपता ओरपता विचारलं.

“बहिणीनं सही द्यायचीच असते,” अप्पा म्हणाले. “विचारायचं काय त्यात.”

“माझी हरकत नाही,” मी म्हटलं. खरंच नव्हती. आमच्या गावातल्या सगळ्या बहिणींनी दिली होती. माझ्या आत्यांनी दिली होती. मी विचारसुद्धा केला नाही.

जेवणानंतर मी त्याला पडवीत नेलं. त्यानं वरची फळी टकटक वाजवून बघितली, मोबाईलचा दिवा सगळीकडून फिरवला आणि फोटो काढले. “हे तू केलंस? काय सांगतेस.” मला फार बरं वाटलं. त्याला मी साखळीचे दाते दाखवले, शिडी दाखवली. तो “हं, हं” करत फोटो कुणालातरी पाठवत होता.

पुढच्या आठवड्यात मी दुकानातून आले. जयवंतची गाडी दारात होती. तो आणि अप्पा ओटीवर चहा घेत होते. मी नेहमीसारखी मागे गेले. पडवी रिकामी होती. चिरे इकडेतिकडे पडले होते, मधल्या पट्ट्या पायाखाली तुडवलेल्या. माझा चेनसॉ अंगणात मातीत आडवा पडला होता. पात्याला चिखल, आणि साखळीचे दाते दगडावर घासल्यासारखे बोथट. शेजारी ताजा पिवळा भुसा.

मी मशीन उचलून ओटीवर आणलं.

“हे कुणी चालवलं?”

“अगं, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं,” जयवंत म्हणाला. “ती मोठी फळी टेम्पोत बसेना. मधोमध कापावी लागली.”

“कुठे आहेत फळ्या?”

“सुताराकडे. होमस्टेचा रिसेप्शन काउंटर आणि बाहेरचे बाक. डिझायनर वेडा झाला फोटो बघून. असलं लाकूड विकत मिळत नाही, म्हणतो.”

“जयवंत, मला विचारलं नाहीस.”

त्याला खरंच कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तो नाटक करत नव्हता. “घरचं लाकूड घरालाच लागतंय ना? आणि तू काय करणार होतीस एवढ्या फळ्यांचं?”

मी काय करणार होते हे मलाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला. त्यानं हौसेनं घेतलेली मोटारसायकल वर्षभर आच्छादन घालून उभी असते. तिचं काय करणार म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

“त्या ओल्या आहेत,” मी म्हटलं. “आत्ता कापल्या तर फाटतील. वर्ष थांबायला हवं होतं.”

“सुतार बघेल ते.”

मी अप्पांकडे वळले. “तुम्ही घरात होतात. तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत?”

अप्पांनी कप खाली ठेवला. “त्याच्या जागेतलं झाड, त्यानं नेलं. त्यात थांबवायचं काय?”

“त्याची जागा? सही अजून व्हायचीय, अप्पा.”

“ती काय, होईलच,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी परकारकाका मला त्यांच्या गाडीतून सुताराकडे घेऊन गेले. मोठ्या फळीचे दोन भाग भिंतीला टेकवलेले होते. उन्हात ठेवल्यामुळे एकाला टोकापासून मध्यापर्यंत भेग गेली होती. चार फळ्या सोडल्या तर बाकीच्यांच्या सालीच्या कडा तासून त्या दुकानात मिळणाऱ्या फळ्यांसारख्या सरळ केल्या होत्या. सुतार बरा माणूस होता. “लाकूड ओलं आहे, मी सांगितलं होतं साहेबांना,” तो म्हणाला. “घाई आहे म्हणाले.” काका जवळजवळ कुजबुजत म्हणाले, “चल चारू.” तो माणूस कुजबुजू शकतो हे मला तेव्हा कळलं.

दस्त नोंदवायचा दिवस आधीच ठरला होता. मी जाणार नाही असं म्हटलं नाही. सांगते ते खरं आहे, त्या सकाळी जयवंतच्या गाडीत बसले तेव्हाही मी सही करणारच होते. शब्द दिला होता. अप्पा पुढे बसले होते, मी मागे. वाटेत मी म्हटलं, “न कापलेल्या चार फळ्या आहेत अजून सुताराकडे. तेवढ्या परत आणून दे.”

जयवंतनं आरशातून माझ्याकडे बघितलं. “ताई, लाकडांवरून तोंड पाडून बसू नकोस गं. बांधकामाला कुठलातरी ओंडका येईल, तो देतो तुला खेळायला.”

अप्पा हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

कार्यालयात गर्दी होती. वकिलांनी कागद तयार ठेवले होते. आमचा नंबर आल्यावर आम्ही टेबलासमोर बसलो. समोरच्या अधिकारी बाई माझ्याहून लहान असतील. फोटो काढायच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवत त्यांनी, दिवसभर प्रत्येकाला विचारतात त्याच सुरात मला विचारलं, “तुम्ही हा हक्क स्वखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव वगैरे नाही?”

“दबाव नाही,” मी म्हटलं. “पण स्वखुशीही नाही.”

त्यांनी मान वर केली. “म्हणजे?”

“म्हणजे मला सोडायचा नाही.”

“ताई,” जयवंत म्हणाला.

“तुम्ही बाहेर बोलून घ्या,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी आमचे कागद बाजूला ठेवले. वकील आमच्या मागोमाग व्हरांड्यात आले. जयवंतचा आवाज चढला होता.

“चार लाकडांसाठी? ताई, चार लाकडांसाठी तू माझं घर मोडतेस?”

“त्या चार लाकडांचं विचारलं असतंस तर मी तुला घर दिलं असतं.”

“कर्ज मंजूर झालंय. मी आता बँकेला काय सांगू?”

“बहिणीचा हिस्सा आहे म्हणून सांग. तो आहेच.”

व्हरांड्यात थांबलेली माणसं बघायला लागली होती. एक म्हातारी, बहुधा तीही सही द्यायलाच आलेली, सरकून माझ्या बाजूला येऊन बसली. जयवंतनं अप्पांकडे बघितलं. अप्पा वकिलांना म्हणाले, “माझ्या एकट्याचा कागद होतो का?”

“होईल की. तासाभरात मसुदा बदलून देतो.”

मी तिथेच बाकावर बसून राहिले, उघड्या दारातून आतलं टेबल दिसत होतं. निघून जाता आलं असतं, गेले नाही. अप्पांनी अंगठा लावला, कॅमेऱ्याकडे बघितलं, सही केली. आजारपणात ज्यांना मी उचलून न्हाणीघरात नेत होते, ज्यांच्या गोळ्या माझ्याखेरीज कुणालाही माहीत नव्हत्या, त्यांनी माझ्यासमोर आपला हिस्सा मुलाला दिला. अधिकारी बाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. अप्पा म्हणाले, “हो. अगदी स्वखुशीनं.”

मी एसटीनं घरी आले.

पुढे बरंच झालं. मोजणीवाले येऊन खुणा करून गेले, विहिरीच्या बाजूची पट्टी माझी झाली. होमस्टे लहान झाला. जयवंत तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही, आता कामापुरतं बोलतो. गावात अजून सांगतात की मयेकरांच्या चारूनं फळ्यांपायी भावाला जागा दिली नाही. मी कुणाला दुरुस्त करत नाही. कुठे झाड पडलं की लोक मला फोन करतात, आणि परकारकाका गुडघे दुखत असतानाही बरोबर येतात. राग गेला का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. गेलेला नाही.

पण त्या दिवशीची संध्याकाळ राहिली सांगायची. जयवंतनं अप्पांना दारात सोडलं आणि गाडी तशीच वळवून ठाण्याला निघून गेला. अप्पा आत आले, टोपी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि नेहमीच्या जागी पाट घेऊन बसले. मी माजघरात साखळी पुढ्यात घेऊन दाते घासत बसले होते. दगडावर बोथट झालेले दाते परत आणायचे म्हणजे वेळ लागतो.

अप्पा म्हणाले, “जेवायला काय आहे?”

“केलेलं नाही.”

“का?”

“जयवंतला विचारा.”

माझी कानस चालू राहिली. मला वाटलं ते चिडतील, उपाशी झोपतील, शेजारी जाऊन सांगतील. यातलं त्यांनी काही केलं नाही. बऱ्याच वेळानं ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. लायटर एकदा वाजला, दोनदा वाजला, गॅस पेटला. मग डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज यायला लागले. एक डबा, दुसरा, तिसरा. उघडायचं, बघायचं, पुन्हा लावायचं. ज्या घरात ते चाळीसेक वर्षं दोन वेळ जेवत आले होते, तिथे तांदूळ कुठे असतात हे अप्पांना माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.